काळी पूड म्हणजे ग्राफीन का?

प्रश्न : सर, मी अंबाजोगाईला एम.एस्सी. करते. हमर्स पद्धतीने (आम्ल आणि परमँगनेट वापरून) ग्राफाइट ऑक्साइड तयार करून व्हिटॅमिन सीने त्याचं क्षपण केलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला. काळी पूड मिळाली, पण रामन वर्णपटात (विखुरलेल्या प्रकाशावरून रचना ओळखण्याची चाचणी) दोष दाखवणारं डी आणि ग्राफाइटसारखी रचना दाखवणारं जी, या शिखरांचं गुणोत्तर वाढलं. दोष वाढले म्हणजे प्रयोग फसला, असं मैत्रीण म्हणते. प्रबंधात ‘ग्राफीन’ (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) लिहू का?

उत्तर : प्रयोग फसलेला नाही. क्षपणानंतर हे गुणोत्तर वाढलेलं बऱ्याचदा दिसतं. ऑक्सिजन निघून जाताना ग्राफाइटसारखे नवे, पण अगदी लहान तुकडे जागोजागी तयार होतात, त्यांच्या कडा वाढतात आणि १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं डी शिखर उंचावतं. म्हणून एकट्या रामनवर निकाल देऊ नका.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी थरांतलं अंतर मोजणारी चाचणी) काढलंत का? मला खरी गोष्ट तिथेच दिसते. ग्राफाइटचं शिखर २६.५ अंशांवर असतं, थरांतलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. ऑक्साइड झालं की शिखर १०-११ अंशांवर सरकतं, अंतर ०.८ नॅनोमीटरच्या आसपास जातं. क्षपणानंतर ते शिखर जाऊन २४-२५ अंशांजवळ पसरट उंचवटा यायला हवा. दहाजवळचं शिखर उरलं असेल तर क्षपण अर्धवट आहे. आणि तो पसरट उंचवटा म्हणजे थर पुन्हा एकमेकांवर बसलेत. तेव्हा ‘क्षपित ग्राफीन ऑक्साइड’ एवढंच लिहा. एकेरी थराचा दावा एएफएमने (सूक्ष्म टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) जाडी मोजल्याशिवाय करू नये, हे मी नांदेडला शिकवताना प्रत्येक बॅचला सांगत आलो.

धुण्याचं पाणी कुठलं वापरलंत? आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातला कॅल्शियम हा ग्राफाइट ऑक्साइडचे थर एकमेकांना जखडतो, गुठळ्या होतात आणि नंतर ते सुटे करणं अवघड जातं. डिस्टिल्ड पाणीच घ्या. धुवणाचं थोडं पाणी घेऊन बेरियम क्लोराइड टाका. पांढरा साका येत असेल तर आम्लातलं सल्फेट अजून आहे, धूत राहा.

आता कळकळीने सांगतो. परमँगनेट चिमटी-चिमटीने, बर्फात ठेवलेल्या आम्लातच घाला. तापमान २० अंशांच्या वर चढू देऊ नका. या मिश्रणात मँगनीज हेप्टॉक्साइड बनतं आणि ते ५५ अंशांपुढे स्फोटक ठरतं. आपल्या मे महिन्यात टाकीचं पाणीच कढत असतं, त्यामुळे नळाच्या पाण्यावर भिस्त नको. बर्फ आणि चष्मा नसेल तर त्या दिवशी प्रयोगच करू नका. तयार ऑक्साइडही जास्त तापमानाच्या ओव्हनमध्ये ढीग करून वाळवू नका, भपकन विघटन होतं. पातळ पसरून कमी तापमानावर वाळवा.