नागपूर–कोल्हापूर: अंतर एक, वेळा निरनिराळ्या

प्रश्न: नागपूर ते कोल्हापूर रस्त्याने आठशे किलोमीटरच्या वर होतात, विमानाचं अंतर मात्र ७०० सांगतात. खरं कोणतं?

उत्तर: दोन्ही. ७०० किमी हे सोनेगाव (नागपूरचं विमानतळ) ते उजळाईवाडी (कोल्हापूरचं विमानतळ) असं सरळ रेषेतलं अंतर. रस्त्याला नांदेड, लातूर, सोलापूर घेत यावं लागतं. विमानही अगदी रेषेवरून जात नाही. हवाई मार्गाची वळणं धरून थोडी भर पडतेच. वैमानिकाच्या कागदावर हाच आकडा ३८० च्या आसपास दिसेल. तिथे नॉटिकल मैल चालतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी.

प्रश्न: जेट ताशी ८०० किमी जातं म्हणतात. मग ७०० किमीला सव्वा तास का लावतात?

उत्तर: कारण तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि उतरून जागेवर उभं राहिलं की थांबतं. ताशी ८०० च्या हिशेबाने ५२-५३ मिनिटं, बाकी सगळं धावपट्टीपर्यंत रांगणं आणि चढाई-उतरणीतला कमी वेग. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान असेल तर ताशी ५०० धरा, म्हणजे रांगणं वगैरे धरून पावणेदोन तास. कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असेल तर नागपूरहून आलेलं विमान जवळजवळ सरळ उतरतं. पूर्वेचा असेल तर पलीकडे वळसा घालून यावं लागतं. तेवढी पाचेक मिनिटं कंपनी आधीच वेळापत्रकात धरून ठेवते, म्हणूनच 'वेळेआधी पोहोचलो' अशी घोषणा ऐकू येते. त्यावर फार खूश होऊ नका.

प्रश्न: जाता-येता वेळेत फरक का?

उत्तर: वारा. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमी वारे असतात, त्यामुळे नागपूरकडे जाणाऱ्याला ढकल मिळते. ताशी ६० किमीचा वारा पाठीशी की समोर, यावर जेटला सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात जेटच्या उंचीवर वारे पूर्वेकडून वाहतात, तेव्हा गणित उलटं.

प्रश्न: 'उडान'मध्ये २,५०० रुपयांत जाता येईल ना?

उत्तर: 'उडान' ही केंद्र सरकारची स्वस्त विमानप्रवासाची योजना. तिच्यातली ही भाड्याची मर्यादा मुळात तासाभराच्या, साधारण ५०० किमीच्या प्रवासासाठी होती, तीही विमानातल्या ठरावीक जागांनाच. ७०० किमीला तो भाव धरून बसू नका.

प्रश्न: थेट विमान मिळालं नाही, तर मुंबईमार्गे जावं का?

उत्तर: हवेतलं अंतर हजार किमीच्या आसपास जातं, पण खरा वेळ मुंबईतल्या थांब्यात जातो. जायचंच तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही बहुधा बुडतील. त्यापेक्षा बेळगावचं सांबरा विमानतळ पाहा. तिथून कोल्हापूर गाडीने दोन-अडीच तासांवर आहे.