कंत्राटी काम घेऊ, की पर्मनंटची वाट बघू?

कॅनडातलं टोरंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा... तिकडे नव्यानं गेलेल्या मराठी कुटुंबांच्या ऑनलाइन समुपदेशन सत्रांत हा प्रश्न हमखास येतो. म्हणून एका जोडप्याबद्दल लिहिते आहे, ओळखीचे तपशील बदलून.

तो पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर बायको-मुलीसह मिसिसागाला गेला. बरेच महिने अर्ज केल्यावर एका एजन्सीनं सहा महिन्यांचं कंत्राट देऊ केलं. त्याला होकार देववत नव्हता, नकारही. सुरुवातीला आम्ही हिशेबच मांडत बसलो. प्रत्येक आकड्यानंतर त्याचं एकच, "पण ते पर्मनंट नाही ना, मॅडम."

शेवटी मी विचारलं, "सहा महिन्यांनी ते संपलं, तर?"

"परत शोधाशोध."

"आणि?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना काय सांगू? ते एमएसईबीतून रिटायर झाले. त्यांना वाटेल, चांगली नोकरी सोडून पोरगा तिकडे रोजंदारीवर गेला."

गाठ इथं होती. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती, म्हणजे त्रासामागचा हट्टी विचार शोधून तपासणारी पद्धत, मानते, आणि इतक्या वर्षांच्या कामानंतर असं वाक्य कानाला लगेच कळतं. पर्मनंट नोकरी हवीशी वाटणं अगदी रास्त आहे. पण 'ती मिळालीच पाहिजे, नाहीतर माझं इथं येणंच फसलं' असं मनानं ठरवलं, की समोरचं काम नीट दिसतच नाही. मी त्याला समजावत बसले नाही. "तुमच्या प्रांतात, ऑन्टारियोत, पर्मनंट माणसाला कायदा किती संरक्षण देतो, ते शोधून या," एवढंच सांगितलं.

पुढच्या वेळी तो आला तो वेगळ्याच आवाजात. "पहिल्या तीन महिन्यांत नोटीस न देता काढू शकतात. नंतर वर्ष होईपर्यंत कायद्यानं फक्त एका आठवड्याची नोटीस. मॅडम, बाबांसारखी नोकरी मला इथं कुणीच देणार नव्हतं."

आणि तो हसला. ते हसू मला फार मोलाचं वाटतं. जी सुरक्षितता तिथं नव्हतीच, तिच्यासाठी तो झुरत होता.

आता बायको बोलली. "ते ठीक आहे. पण याच्या इन्सुलिनचं काय?"

ही चिंता खरी होती, आणि तिला उत्तर आकड्यांतच द्यायला हवं होतं. ओहिप, म्हणजे ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा, डॉक्टर आणि हॉस्पिटल बघतं. 25 ते 64 वयाच्या बहुतेकांना औषधांचा खर्च मात्र त्यातून मिळत नाही, मोठ्यांच्या दातांचाही नाही. पर्मनंट नोकरीत तो बहुधा कंपनीच्या विम्यातून निघतो. मुलीच्या औषधांचा प्रश्न नव्हता, कारण खासगी विमा नसलेल्या 25 वर्षांखालच्यांना यादीतली औषधं ओहिप देतं. दोघांनी इन्सुलिन आणि दातांचा खर्च धरून तासाचा दर पुन्हा मोजला. तरीही तो परवडत होता.

एजन्सीला एक प्रश्न मात्र सही करण्याआधी विचाराच: मला तुमच्या पगारपत्रकावर घेणार, की स्वतंत्र व्यावसायिक म्हणून? पगारपत्रकावर असाल तर पेन्शन आणि बेरोजगार विम्याचा मालकाचा वाटा मालक भरतो, किमान 4 टक्के सुट्टीचा पगारही मिळतो. स्वतंत्र असाल तर सीपीपीचे, म्हणजे त्याच सरकारी पेन्शनचे, दोन्ही वाटे तुमच्या खिशातून जातात आणि काम संपल्यावर बेरोजगार भत्ता मिळत नाही. सलग चार तिमाहींची उलाढाल 30,000 डॉलरच्या वर गेली, की एचएसटीची, म्हणजे तिथल्या विक्रीकराची, नोंदणीही करावी लागते. दर मोठा दिसला तरी हे सगळं वजा करून बघा. यानं पगारपत्रकावरचं काम मागितलं, मिळालं, आणि घेतलं.

ज्यांच्या हातात अजून पीआर नाही, त्यांनी त्याचं उदाहरण जसंच्या तसं गिरवू नये. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून, म्हणजे कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेतून, अर्ज करायचा असेल, तर स्वयंरोजगाराचा अनुभव सर्वसाधारणपणे धरत नाहीत. वर्षभर राबून ते काम अर्जात मोजलंच गेलं नाही, तर दर कितीही चांगला असो, सौदा महागात पडतो. अशांनी सही करण्याआधी परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला करारपत्र दाखवावं.