जिन इंडेक्स बनवूनही पोस्टग्रेस तो वापरत नाही, फुल-टेक्स्ट सर्च नीट कसा लावायचा?

लेखांच्या टेबलवर लाइक '%शब्द%' फार हळू चालतं म्हणून तुम्ही पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जिन इंडेक्स (कोणता शब्द कोणत्या ओळींत आहे याची यादी) बनवलात, तरी एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालणार ते दाखवणारी कमांड) सीक्वेन्शियल स्कॅनच (सगळ्या ओळी एकेक करून वाचणं) दिसतोय. टेबलमध्ये शे-दोनशेच ओळी असतील तर काळजी नको, तेवढ्यासाठी प्लॅनरला (क्वेरी चालवायची पद्धत ठरवणारा भाग) तोच स्कॅन स्वस्त पडतो. ओळी लाखांत असतील तर आधी एक गोष्ट तपासा: इंडेक्समधलं एक्स्प्रेशन आणि क्वेरीतलं एक्स्प्रेशन अगदी सारखं आहे का? इंडेक्स टू_टीएसव्हेक्टर('इंग्लिश', मजकूर) वर (मजकुरातून शोधण्याजोगे शब्द काढणारं फंक्शन; 'इंग्लिश' हे भाषेचं कॉन्फिगरेशन) असेल आणि क्वेरीत नुसतं टू_टीएसव्हेक्टर(मजकूर) असेल, तर तो इंडेक्स वापरलाच जाणार नाही.

ही कटकट कायमची मिटवायची तर टीएसव्हेक्टरचा (त्या फंक्शनच्या निकालाचा) वेगळा कॉलम ठेवा. आवृत्ती 12 पासून तो 'जनरेटेड ऑलवेज अ‍ॅज ... स्टोअर्ड' असा घेता येतो, म्हणजे तो पोस्टग्रेस स्वतःच भरतं. मधलं एक्स्प्रेशन असं:

सेटवेट(टू_टीएसव्हेक्टर('इंग्लिश', कोअलेस(शीर्षक, '')), 'ए') || सेटवेट(टू_टीएसव्हेक्टर('इंग्लिश', कोअलेस(मजकूर, '')), 'बी')

सेटवेट शब्दांना वजन देतं (शीर्षकाला 'ए', मजकुराला 'बी') आणि कोअलेस नलच्या (किंमतच नसलेल्या जागेच्या) ऐवजी '' ठेवतं. यातला कोअलेस गाळू नका. शीर्षक नल असेल तर जोडणीचा सगळा निकालच नल होतो आणि तो लेख कुठल्याच शोधात येत नाही. कॉन्फिगरेशनचं नावही लिहावंच लागतं. ते नसेल तर फंक्शन सेशनच्या सेटिंगवर अवलंबून राहतं, आणि एक्स्प्रेशन इम्युटेबल (नेहमी तोच निकाल देणारं) नाही अशी एरर येते.

टेबल मोठं आणि चालू वापरातलं असेल तर मात्र हा कॉलम थेट जोडू नका. त्यात पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर वाचणंही अडतं. त्याऐवजी साधा रिकामा कॉलम जोडा, इन्सर्ट-अपडेटसाठी ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालून कॉलम भरणारं फंक्शन) लावा, जुन्या ओळी काही हजारांच्या तुकड्यांत भरा आणि मग 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' (टेबलमधलं लिहिणं न अडवता इंडेक्स बनवणारी कमांड) चालवा. ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. मध्येच फसली तर मागे इनव्हॅलिड इंडेक्स उरतो, तो ड्रॉप करून पुन्हा बनवा.

वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर टू_टीएसक्वेरीला (शोधशब्दांची क्वेरी बनवणारं फंक्शन) थेट देऊ नका, एखादा सुटा कंस आला तरी ते एरर देतं. वेबसर्च_टू_टीएसक्वेरी('इंग्लिश', ...) वापरा, आणि कॉन्फिगरेशन कॉलमचंच ठेवा. कॉलम 'इंग्लिश' आणि क्वेरी 'सिंपल' (शब्द आहे तसाच ठेवणारं कॉन्फिगरेशन) असेल तर 'रनिंग'चं कॉलममध्ये 'रन' झालेलं असतं, क्वेरी मात्र 'रनिंग'च शोधत बसते. एरर नाही, वॉर्निंग नाही, निकाल शून्य. म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

मजकूर मराठी असेल तर पोस्टग्रेससोबत त्यासाठी तयार कॉन्फिगरेशन येत नाही. 'सिंपल' घ्या आणि विभक्ती प्रत्ययांसाठी प्रीफिक्स शोध (शब्दाच्या सुरुवातीवरून) वापरा: टू_टीएसक्वेरी('सिंपल', 'विद्यार्थ:*') दिलं की 'विद्यार्थी' आणि 'विद्यार्थ्यांना' दोन्ही सापडतात. 'विद्यार्थी:*' दिलं तर दुसरा शब्द निसटतो, म्हणून शेवटची मात्रा काढून टाकणं चांगलं. वेबसर्चच्या फंक्शनला हे :* समजत नाही, तेव्हा इथे विरामचिन्हं तुम्हालाच आधी साफ करावी लागतील.

टीएस_रँकने (जुळणी किती चांगली ते मोजणारं फंक्शन) क्रम लावताना एक ध्यानात ठेवा: जिन इंडेक्समध्ये शब्दाचं वजन साठवलेलं नसतं, त्यामुळे जुळलेली प्रत्येक ओळ उघडावी लागते. शब्द फारच नेहमीचा असेल तर इंडेक्स असूनही क्वेरी रेंगाळते. तारीख किंवा विभागाची अट जोडून ओळी आधी कमी करा. टीएस_हेडलाइन (मजकुरातला जुळलेला भाग काढून दाखवणारं फंक्शन) त्याहून महाग, कारण ते मूळ मजकूर पुन्हा वाचतं. आतल्या क्वेरीत क्रम आणि लिमिट 20 लावा आणि हेडलाइन बाहेरच्या क्वेरीत फक्त त्या 20 ओळींवर चालवा.

शेवटी एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ बघा, 'बिटमॅप इंडेक्स स्कॅन' दिसला पाहिजे, म्हणजे इंडेक्स वापरला जातोय. स्पेलिंगच्या चुका किंवा शब्दाच्या मधला तुकडा शोधायचा असेल तर हा इंडेक्स उपयोगाचा नाही, त्यासाठी पीजी_टीआरजीएम एक्स्टेंशन (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवर शोधणारी जोडणी) घ्या. त्यावरच्या जिन इंडेक्सने तुमचं मूळ लाइक '%शब्द%' सुद्धा वेगात चालतं, फक्त शोधशब्द निदान तीन अक्षरांचा हवा.