७२ हजारांचा कोर्स आणि हिशेबात न धरलेल्या सासूबाई

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली. वय ३५, बारावी कला. मालक बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची गाडी चालवतात, पगार १४ हजार. मी शिवणकाम करते, सरासरी ५ हजार सुटतात. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून त्यांचं सगळं मीच करते. ते बघूनच शेजारच्या काकू म्हणाल्या, हेच काम शिकून पैसे का मिळवत नाहीस? सांगलीतल्या एका खासगी संस्थेत ज्येष्ठांच्या सेवेचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, फी ७२ हजार. ‘शंभर टक्के नोकरी, पगार १५ ते २० हजार’ असं सांगतात. मिरजेच्या एका दवाखान्यात विचारलं, तर सुरुवातीला ११ हजार आणि १२ तासांची ड्युटी. घरोघरी सेवेला बायका पुरवणारे ब्यूरोवाले कुणाच्या घरी १२ तासांना १५ हजार, राहून २४ तासांना २२ हजार म्हणाले. तीच संस्था पुढे जपान किंवा इस्रायलला पाठवते, त्याचे साडेतीन लाख. पतसंस्थेत १ लाख ८० हजारांची ठेव आहे, मार्चमध्ये मुदत संपते. सोनं चार तोळे. लाडकी बहीणचे दीड हजार येतात. ठेव मोडून कोर्स करू का? आणि सोनं गहाण ठेवून परदेशाचं बघू का?

उत्तर : ताई, कामाची निवड चांगली आहे. ७२ हजार भरू नका, आणि सोन्याला तर हातच लावू नका. आता हिशेब बघू, कारण तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, पण सगळ्यात मोठा आकडा सुटलाय.

तुम्ही सकाळी आठला सांगलीची एसटी धरलीत, तर सासूबाईंना कोण बघणार? त्यांना कुशीवर वळवणं, भरवणं, कपडे बदलणं, व्यायाम हे सगळं तुम्ही तीन वर्षं फुकट करताय, म्हणून त्याची किंमत कागदावर शून्य दिसते. गावातली एखादी बाई दिवसभर बसवायची म्हटली, तर महिन्याला ५ हजार तरी धरा. तुमच्या गावातला खरा दर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल, तो घालून पुढचं गणित पुन्हा करा.

सहा महिन्यांच्या कोर्सची फी ७२ हजार. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असलं, तरी गावातून तासगाव, तिथून सांगली आणि वर चहा-नाष्टा मिळून महिन्याला दीड हजार, म्हणजे ९ हजार. बुडालेलं शिवणकाम ३० हजार. सासूबाईंजवळ बसणारीचे ३० हजार. एकूण झाले १ लाख ४१ हजार. ठेवीतले उरले ३९ हजार, तेही पहिला पगार हातात येण्याआधी.

आता पगाराकडे या. मिरजेतले ११ हजार धरले, तर त्यातून प्रवासाचे दीड हजार गेले. शिवणकाम रात्री थोडंफार चालेल, पण ४ हजारांचं तरी बुडेल. सासूबाईंसाठी ५ हजार. शिवाय लाडकी बहीणला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. आज तुम्ही दोघं मिळून २ लाख २८ हजारांवर आहात, म्हणजे मर्यादेच्या आत. ११ हजारांची नोकरी लागली, की मालकांचे १ लाख ६८ हजार आणि तुमचे १ लाख ३२ हजार मिळून बरोबर ३ लाख होतात. मग ते दीड हजारही सोडावे लागणार. दीड, चार, पाच आणि दीड : १२ हजार. म्हणजे ११ हजारांच्या नोकरीत तुम्ही रोज १२ तास उभं राहून महिन्याला हजार रुपये पदरचे घालणार. १२ हजारांवर बरोबरी होते, खरी मिळकत त्याच्या पुढे सुरू होते.

संस्थेने सांगितलेल्या १५ ते २० हजारांपैकी १८ धरू. तेव्हा महिन्याला ६ हजार शिल्लक राहतात आणि घातलेले १ लाख ४१ हजार वसूल व्हायला साधारण दोन वर्षं लागतात. तेही पहिल्या दिवसापासून १८ मिळाले तर. ‘शंभर टक्के नोकरी’ हे वाक्य पावतीवर किंवा करारावर लिहून द्यायला सांगा, पगाराच्या आकड्यासकट. तोंडाकडे बघत राहिले, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आणि मागच्या बॅचच्या तीन मुलींशी बोलायला मागा, भिंतीवर फोटो लावलेल्या नव्हे, तुम्ही निवडाल त्या.

मग शिकूच नये का? शिकायलाच हवं. तीन वर्षांचा अनुभव मोठा आहे, पण तो एकाच पेशंटचा. माणूस उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची हे घरी कुणी शिकवत नाही, आणि या धंद्यात कंबर गेली की धंदा गेला. नळीतून भरवताना पेशंटचं डोकं उंच का ठेवायचं, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच का लटकली पाहिजे, पाठीवर लाल डाग दिसला तर किती घाईने हालचाल करायची, साखर एकदम उतरल्याची लक्षणं कोणती, हे कारणासकट कळलं की आया आणि प्रशिक्षित केअरटेकर यांच्यातला फरक पडतो. घरातले लोक तो फरक ओळखतात आणि त्याचेच जास्त पैसे देतात. मात्र या कोर्सने तुम्ही नर्स होणार नाही. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं हे तुमचं काम नाही. कुणी ‘दे गं, तुला येतंय’ म्हणालं, तरी नाही. त्यासाठी दोन वर्षांचं एएनएम किंवा तीन वर्षांचं जीएनएम आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. खासगी संस्था ‘नर्सिंग कोर्स’ म्हणून हाच सहा महिन्यांचा कोर्स विकत असेल, तर तिथून उठा.

सरकारी चौकटीत या कामाचे अभ्यासक्रम आहेत. ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हा सगळ्यात ओळखीचा, त्याशिवाय घरच्या पेशंटसाठी ‘होम हेल्थ एड’ आणि खास ज्येष्ठांच्या सेवेचेही आहेत. ते हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने बनवलेत, आणि प्रमाणपत्रावर राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेचं, म्हणजे एनसीव्हीईटीचं चिन्ह असतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत हे प्रशिक्षण फुकट मिळतं. आधीच काम येणाऱ्यांसाठी तिच्यात पूर्वानुभवाला मान्यता देण्याची वेगळी वाटही आहे. तुमची तीन वर्षांची घरची सेवा तिथे चालेल का, हे विचारून घ्या. चौकशीची जागा म्हणजे सांगलीचं जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. तिथे एकच प्रश्न नेमका विचारा : आरोग्य क्षेत्राची पुढची बॅच कुठे आणि कधी, आणि प्रत्यक्ष दवाखान्यात किती दिवस काम करायला मिळणार? वर्गात बाहुलीवर शिकलेलं आणि वॉर्डात शिकलेलं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मिरज जवळ असण्याचा फायदा इथे घ्या. १८९४ मध्ये डॉ. वान्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. वॉर्डात हात चालवायला याहून बरं गाव आपल्या भागात नाही.

असा फुकटचा कोर्स चार महिन्यांचा धरला, तर प्रवास, बुडालेलं शिवण आणि सासूबाईंची सोय मिळून महिन्याला साडेअकरा हजार, म्हणजे एकूण ४६ हजार लागतात. १८ हजारांच्या कामावर हे आठ महिन्यांत वसूल होतात. बॅचसाठी दोन-तीन महिने थांबावं लागलं तरी चालेल, तेवढ्यात मार्च येतो आणि ठेवीचं व्याज बुडत नाही.

ब्यूरोच्या २२ हजारांचा मोह पडतो, हे मला कळतं. पण तास मोजा. १२ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ३१२ तास. १५ हजारांत तासाला ४८ रुपये पडतात. २४ तास आणि तीसही दिवस, म्हणजे ७२० तास. २२ हजारांत तासाला ३० रुपये आणि वर काही पैसे. रात्रीची आठ तास झोप वजा केली, तरी ४६ च्या आतच, आणि ज्या घरात रात्री तीनदा हाक येते तिथे कसली झोप? तुमची मुलगी आठवीत आहे. घरापासून महिनाभर लांब राहण्याची किंमत मी रुपयांत काढत नाही, ती तुम्ही काढा. ब्यूरोकडे गेलातच, तर पेशंटच्या घरून ते किती घेतात आणि तुमच्या हातात किती ठेवतात, हे आधी विचारा. सुट्टी कोणती, आजारी पडलात तर बदली कोण देणार, हेही.

मला यापेक्षा दुसरी एक वाट जास्त पटते, आणि ती तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. तासगाव, विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली किती घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत गेलीत! कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी बंगालात. गावाकडे टोलेजंग बंगला आणि त्यात दोन म्हातारी माणसं. पैसा पाठवणारा मुलगा आहे, हात द्यायला कुणी नाही. अशा घरांना दिवसभराची बाई नेहमीच लागते असं नाही. त्यांना सकाळचे दोन तास लागतात : अंघोळ किंवा स्पंजिंग, व्यायाम, गोळ्यांचा डबा भरणं, बीपी-साखर लिहून ठेवणं, आणि लांबच्या मुलाला फोनवर दोन वाक्यं सांगणं. या शेवटच्या कामाचे पैसे तो मुलगा हसत देईल.

समजा, अशी दोन घरं प्रत्येकी ४ हजारांना मिळाली. ८ हजार झाले. गाडीच्या पेट्रोलला हजार गेले, शिवणाचं दीड हजाराचं नुकसान झालं, लाडकी बहीणचे दीड हजार इथेही जाणार कारण उत्पन्न ३ लाख ६ हजारांवर पोचतं. हातात वाढले ४ हजार. सासूबाईंसाठी बाई ठेवावी लागली नाही, दुपारी घरी आलात, मुलांचा अभ्यासही बघितलात. १६ हजारांची पूर्ण वेळ नोकरी केली, तरी हेच ४ हजार उरतात. ४ हजार हा दर माझा अंदाज आहे. कोर्सला जाण्याआधी तुमच्या आणि शेजारच्या गावातल्या चार-पाच घरांत जाऊन विचारा, की अशी सेवा मिळाली तर घ्याल का, किती द्याल? दोन घरांनी जरी हो म्हटलं, तर कोर्सचा खर्च डोळे झाकून करा. सगळ्यांनीच तोंड फिरवलं, तर १२ तासांची नोकरी हाच पर्याय उरतो आणि १५ हजारांच्या खाली ती घेऊ नका.

परदेशाचं. जपानमध्ये वृद्धांच्या सेवेसाठी माणसं हवीत हे खरं आहे आणि २०२१ मध्ये भारताने त्यांच्याशी कुशल कामगारांचा करारही केलाय. पण तिथे जायला जपानी भाषेची एन-४ या पातळीची किंवा तिच्या तोडीची परीक्षा, सेवेच्या कौशल्याची परीक्षा आणि सेवेसाठी लागणाऱ्या जपानीची आणखी एक परीक्षा पास व्हावी लागते. या कामाच्या व्हिसावर सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि नवरा-मुलांना बरोबर नेता येत नाही. मुलगी आठवीची तेरावीला जाईल तोवर तुम्ही तिकडे. इस्रायलबरोबर २०२३ मध्ये सरकारी पातळीवर करार झालाय, त्यात बांधकामाबरोबर घरी सेवा देणारेही आहेत. मग मधला माणूस साडेतीन लाख कशाचे घेतो? नोंदणीकृत भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये. बाकीचे ‘ट्रेनिंगचे’ असं तो म्हणेल, आणि भाषेच्या शिकवणीला खर्च येतो हेही खरं. तर मग त्याची वेगळी पावती, वेगळा अभ्यासक्रम आणि परीक्षा नापास झाल्यास परतीची अट लिहून मागा. एजंटाचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं का ते मुलीला शोधायला सांगा, आठवीतल्या पोरी मोबाइलवर हे पाच मिनिटांत करतात. नाव नसेल, तर विषय संपला. चार तोळे सोनं गहाण ठेवून परीक्षेआधीच पैसे देणं याला मी गुंतवणूक म्हणणार नाही.

पैसे कमी पडले तर बचत गटातून घ्यायची इच्छा होईल. शेकडा दोन टक्के महिना म्हणजे वर्षाला २४ टक्के, हे लक्षात ठेवा. कधी पुढे मोठा आणि मान्यताप्राप्त कोर्स करायचा ठरला, तर बँकेत कौशल्य कर्ज योजनेची चौकशी करा. २०२४ पासून तिची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत नेलीय. आज मात्र तुम्हाला कर्जाची गरजच नाही.

ठेवीचं एक सांगायचं राहिलं. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. तुमची पतसंस्था चांगली चालली असेलही, पण घरची सगळी पुंजी तिथे एकाच जागी नको. मार्चमध्ये मुदत संपली की ४६ हजार कोर्सच्या काळासाठी बँकेच्या बचत खात्यात, ७० हजार बँकेत मुदत ठेव म्हणून, ते अडीनडीला. उरलेल्या ६४ हजारांचं पतसंस्थेत ठेवायचं की हलवायचं, ते मालकांशी बोलून ठरवा.

आणि मालक रोज गाडीवर असतात, तेव्हा बँकेत गेलातच तर दोघांचेही दोन विमे चालू करून या : वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही २ लाखांचे. दोघांचे मिळून ९१२ रुपये होतात. अटल पेन्शनसाठी तुमचं वय अजून बसतं, ३५ व्या वर्षी सुरुवात केली तर ५ हजारांच्या पेन्शनला महिन्याला ९०२ रुपये पडतात. पण ते पहिल्या दोन घरांचे पैसे तीन-चार महिने नीट यायला लागल्यावर.