टायची गाठ : नव्या वकिलास सल्ला

सनद मिळाल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात तुम्हाला पांढरे बँडच, म्हणजे गळ्यापाशी लावायच्या पांढऱ्या पट्ट्या, लावावे लागतील. त्यांच्याऐवजी काळा टाय चालतो तो जिल्हा न्यायालयाखालच्या न्यायालयांत. तयार गाठीचा, इलॅस्टिकचा टाय मात्र घेऊ नका.

रुंद टोक उजवीकडे, अरुंद टोकापेक्षा सुमारे 30 सेंटिमीटर खाली सोडा. ते अरुंद टोकावरून डावीकडे, मागून उजवीकडे आणि पुन्हा वरून डावीकडे नेऊन गळ्याच्या फासातून खालून वर काढा व समोर तयार झालेल्या पट्टीतून खाली ओढा. टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत पोहोचले पाहिजे.

मे महिन्यात येथे पारा 45 अंशांपलीकडे जातो तेव्हा टाय जाचतो, हे खरे आहे. पण अनेकदा जाचते ती लहान कॉलर, म्हणून बटण लावल्यावर दोन बोटे सहज आत जातील असाच शर्ट शिवून घ्या. पहिल्या वर्षी मलाही टाय परका वाटत असे. गाठ स्वतःच्या हाताने नीट बसू लागली, तेव्हापासून आरशासमोरची ती दोन मिनिटे मला मनापासून आवडतात. संध्याकाळी गाठ ओढून न काढता उलट्या क्रमाने सोडवा, अन्यथा आतले अस्तर पिळवटते.