लोक पाहतात ती खरी, की मला वाटते ती?

‘घरी मला समजूतदार म्हणतात, कार्यालयात गर्विष्ठ समजतात आणि मैत्रिणींत मी सर्वांत बोलकी आहे, म्हणजे मी सगळीकडे नाटकच करते, नाही का?’ पस्तिशीतील एक बाई हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र इतक्या जणांच्या तोंडून येतो, की त्याचे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटते.

नाटकाची शंका तुलनेने लवकर मिटली. आपल्याला जितकी माणसे ओळखतात तितकी आपली सामाजिक रूपे असतात, असे विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच मांडले होते. वरिष्ठांसमोर आणि मैत्रिणीसमोर आपला सूर वेगळा लागणे स्वाभाविक आहे. मनात नसलेले सतत दाखवावे लागत असेल, तरच त्याला नाटक म्हणावे.

‘गर्विष्ठ’ या शिक्क्याचा उलगडा व्हायला मात्र वेळ लागला. तो शिक्का त्यांना कोणी दिला, असे मी विचारले तेव्हा बराच वेळ आठवूनही त्यांना एकही नाव सांगता आले नाही. एका बैठकीत त्या बोलत असताना एका सहकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले होते. आपले बोलणे कंटाळवाणे आहे, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला आणि हळूहळू बैठकांत बोलणेच सोडले. त्या बोलत नाहीत म्हणून इतरांनी त्यांचे मत विचारणे थांबवले. आणि कोणी विचारत नाही, यावरून आपण गर्विष्ठ ठरलो आहोत, अशी त्यांची खात्री पटली. हे चक्र आतून दिसत नाही, हीच त्यातील खरी अडचण असते.

चार्ल्स हॉर्टन कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये आपली स्वप्रतिमा कशी घडते याचे तीन टप्पे सांगितले होते: समोरच्याला आपण कसे दिसत असू याची कल्पना, त्यावरून तो आपल्याविषयी काय मत बनवत असेल याची कल्पना, आणि त्यातून आपल्या मनात उमटणारा अभिमान किंवा लाज. पहिले दोन्ही टप्पे कल्पनेचेच आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे १९७९ मध्ये श्रॉगर आणि शोनमन या मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा आपली स्वप्रतिमा इतरांच्या प्रत्यक्ष मतांपेक्षा त्या मतांविषयीच्या आपल्या समजुतीशी अधिक जुळते, असे दिसले. आपण लोकांच्या मताचे ओझे वाहतो असे म्हणतो खरे, पण पुष्कळदा ते ओझे आपल्या अंदाजाचे असते.

म्हणून विश्वासातल्या मोजक्या माणसांची निवड करून, प्रत्येकाला आपल्याविषयी काय वाटत असेल ते आधी लिहून काढावे आणि मग त्यांनाच विचारावे, असे मी त्यांना सुचवले. हा उपाय सरसकट करू नये. ज्या घरात किंवा नात्यात अपमान आणि धाक आहे, तिथे दुखावणाऱ्यालाच ‘मी कशी आहे’ असे विचारणे घातक ठरते. आणि खिन्नता किंवा निद्रानाश दीर्घकाळ टिकला असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवे.

घड्याळ पाहणाऱ्या सहकाऱ्याला तो प्रसंग आठवतही नव्हता. ‘तुम्हालाच आमच्याशी बोलायला आवडत नाही असे वाटायचे,’ असे तो म्हणाला. बहिणीचे उत्तर मात्र त्यांना झोंबले: ‘तू कशालाही नाही म्हणत नाहीस, पण नंतर चार दिवस अबोला धरतेस, आणि तो आम्हा सगळ्यांना कळतो.’ आपली नाराजी कोणाच्याही लक्षात येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती.

‘मग माझ्याविषयी मला जास्त कळते, की त्यांना?’ असे त्यांनी विचारले. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांच्या २०१० मधील अभ्यासाचा रोख असा आहे, की आतली चिंता, अस्वस्थता यांसारख्या गोष्टी आपल्याला स्वतःला अधिक नेमक्या कळतात. परंतु बुद्धी किंवा सर्जनशीलता यांसारख्या, जिथे स्वतःला चांगले मानण्याचा मोह असतो अशा गुणांविषयी जवळच्या मित्रांचा अंदाज अधिक विश्वासार्ह ठरतो. माझा अनुभवही असाच आहे. बैठकीत त्यांच्या मनात किती भीती दाटते, हे सहकाऱ्यांना कळणे शक्य नव्हते. अबोला मात्र बहिणीलाच अधिक स्पष्ट दिसत होता. त्यामुळे लोकांचे सगळेच मत झुगारून देण्याचा सल्ला मी देत नाही. कोण बोलत आहे, त्याने आपल्याला किती जवळून पाहिले आहे आणि तो नेमक्या कोणत्या गोष्टीविषयी बोलत आहे, हे पाहूनच त्या मताला किती वजन द्यायचे ते ठरवावे लागते.

पुढे बैठकीत त्या अधूनमधून बोलू लागल्या. ‘समजूतदार’ हे कौतुकाचे बिरूद सोडणे त्यांना अधिक जड गेले, कारण लहानपणापासूनचे सगळे प्रेम त्यालाच जोडलेले आहे असे त्या मानत होत्या. बहिणीच्या एका मागणीला त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट नकार दिला, तेव्हा बहीण काही दिवस रुसली, आणि ‘आता मी स्वार्थी झाले का?’ असे विचारत त्या माझ्याकडे आल्या. ‘स्वार्थी हे बहिणीने म्हटले, की तो तुमचा अंदाज आहे?’ असे मी विचारले. आणि त्या सत्राचे काम तिथूनच सुरू झाले.