जावा फर्न कुजते कशाने?

प्रश्न : माझ्या मत्स्यटाकीत वाळूत नीट रोवलेले आणि मुळाशी खताची गोळी घातलेले जावा फर्न काळे पडत आहे. उपाय सुचवावा.

उत्तर : या वनस्पतीचे आडवे, हिरवट खोड वाळूत गाडले गेले की कुजते, म्हणून ते उपटून, मऊ पडलेला भाग ब्लेडने कापून, उरलेले दगडाला सुती दोऱ्याने सैलसर बांधावे. ती अन्न मुख्यतः पाण्यातून घेत असल्यामुळे गोळी व्हॅलिस्नेरियासारख्या मुळे पसरणाऱ्या वनस्पतींसाठी राखून, पोटॅश व सूक्ष्म अन्नद्रव्यांचे द्रवखत सुरुवातीला बाटलीवरील मात्रेच्या निम्मे, आठवड्याचे पाणी बदलल्यानंतर घालावे. कुंडीतला युरिया मात्र टाकीत कदापि नको. त्यातून होणारा अमोनिया माशांच्या जिवावर उठतो. पानांमागचे तपकिरी फुगवटे (अनेकजण घाबरून तीच पाने खुडतात) हा रोग नसून त्यांत बीजाणू असतात.